फिद्दाने पाहिलेली सोसन

नोफाने फाटकाची कडी उचलली. अगदी अलगद. फाटक तरीही करकरलं, आणि पलीकडून आवाज आला.

"कुठं?"

हज्जा फिद्दा. हज करून आलेली, नोफाची थोरली नणंद. हातात फडक्यात गुंडाळलेली गरम रोटी, आणि उजाडलंय न उजाडलंय.

"कोंबडी बाहेर गेलीये," नोफा म्हणाली.

"आणि कोंबडीच्या मागं जायला तू नवे बूट घातलेस?"

नोफाने पायांकडे पाहिलं.

"इद्दतीत बसलीयेस ना तू? नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नसतं, विसरलीस? माझ्या भावाला जाऊन एक हिवाळा झाला फक्त. पार करक शहरापर्यंत लोक बोलतील, मुतलकची विधवा डोंगरावर हुंदडतीये म्हणून. कशाला जायचं होतं?"

"सोसन बघायला."

फिद्दाने रोटी या हातातून त्या हातात घेतली. "काय बघायला?"

*

टेकडीवरची काळी सोसन. शहरातल्या फुलवाल्याकडे हिच्या बहिणींना आयरिस म्हणतात आणि त्या बादलीत उभ्या असतात. ही बादलीत उभी राहत नाही. ही वसंतात गावामागच्या टेकडीवर दगडांतून वर येते, थोडे दिवस राहते आणि जाते. लग्न झाल्यापासून नोफाने एकही वसंत चुकवला नव्हता. मुतलक मेंढ्या सोडायच्या आधी तिला उठवायचा आणि दोघं चढायची. पहिलं फूल ज्याला दिसेल त्याने बसून राहायचं, दुसऱ्याने चहा करायचा. फुलाच्या आत रानमधमाशी रात्रभर झोपलेली असते. मुतलक वाकून आत बघायचा आणि म्हणायचा, "हळू बोल, पाहुणे उठले नाहीत."

इद्दत संपेल तेव्हा गव्हाच्या ओंब्या पिवळ्या झालेल्या असतील. सोसन तोवर कधीच आटोपलेली असेल.

अकाबाहून मुलाने, राकानने, फोनवर काळ्या सोसनीचा फोटो पाठवला होता. फोनमध्ये ते काळेपण येत नाही. पडद्याला भोक पडल्यासारखं दिसतं.

*

इथे गोष्टीने आता टेकडीवर जायला हवं. पण नोफाला अंगणाबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे गोष्टही अंगणातच बसणार. जाणार आहे ती फिद्दा.

"मी बघून येते," ती म्हणाली होती. "फूलच ना? बकरीसुद्धा तोंड लावत नाही त्याला. मी बघते आणि सांगते. तू बूट काढ."

*

पहिल्या दिवशी फिद्दाने आणलेली बातमी, जशीच्या तशी:

"काळी आहेत."

"आणि?"

"आणि काय? काळी म्हणजे काळी. चहा टाक."

*

दुसरी बातमी:

"मोठी आहेत. तीन पाकळ्या वर, तीन खाली. खालच्या जीभ काढल्यासारख्या. मला तर वेडावल्यासारखंच वाटलं."

"उन्हाकडे तोंड करून बघितलंस का? ऊन फुलाच्या मागून आलं पाहिजे, हज्जा. मग खरा रंग कळतो."

"आता फुलं बघायचीही रीत असते का?"

"असते."

"माझा भाऊ तुला फार लाडावून गेला," फिद्दा म्हणाली. पण जाताना फाटकात थांबून तिने विचारलं, "ऊन मागून म्हणजे मी पूर्वेकडे तोंड करायचं ना?"

*

अंगणातही सोसन होती, पाण्याच्या टाकीला लागून. निळी, मधे जांभळट, माणसांनी लावलेली. भांडी धुतलेलं पाणी प्यायची आणि तरी दिमाखात फुलायची. एकेका देठावर तीन-तीन, चार-चार फुलं, एक गळलं की दुसरं तयार. नोफा सकाळी त्यांच्याजवळ बसून खुबेझाची भाजी निवडायची. वाकून वास घ्यायची. त्यांच्यावर तिचा रागही नव्हता आणि जीवही नव्हता. ती घरातलीच होती. घरातल्यांची वाट कोण बघतं?

वाट ती फिद्दाची बघायची.

*

कारण फिद्दा आता बघायला शिकली होती.

"वरच्या पाकळ्या आहेत ना," ती रोटी ठेवता ठेवताच सुरू झाली, "त्या पातळ आहेत गं. ऊन आत शिरतं आणि तिथंच थांबतं. कंदिलावर ओढणी टाकल्यासारखं. आणि शिरा दिसतात. आपल्या हातावर आता दिसायला लागल्यात ना, तशा."

"आणि पाहुणे?"

"कसले पाहुणे?"

"माशी. आत झोपलेली असते."

"नव्हती. एक गोगलगाय होती. सावकाश चालली होती बिचारी, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी."

नोफा हसली. मुतलक गेल्यापासून घशातून असा आवाज आलाच नव्हता. त्या दिवशी तिने मसुराच्या आमटीची वाटी संपवली आणि दुसरी घेतली. रात्री राकान फोनवर म्हणाला, "यम्मा, तुझा आवाज आज बरा वाटतोय." ती म्हणाली, "तुझी आत्या डोंगर चढते, आणि मला भूक लागते."

*

मग ती सकाळ.

फिद्दा पायरीवर बसली होती, नोफा मरमियाचा सुगंधी पाला घातलेला चहा ओतत होती.

"आज काय पाहिलं सांगू? एकाच देठावर तीन होती. एक पुरतं उमललेलं, एक अर्धं, आणि एक कळी, तोंड घट्ट मिटून. मला वाटलं, ही आमची आई, ही मी, आणि हा मुतलक, जेवायला बोलावलं तरी तोंड न उघडणारा. आणि वास! माझ्या अंगाला लागला असेल, बघ."

नोफाने किटली खाली ठेवली.

टेकडीवरच्या काळ्या सोसनीला एका देठावर एकच फूल येतं. एकच. तीन कधी येत नाहीत. वासही असा अंगाला लागण्यासारखा नसतो.

तीन येतात ती माणसांनी लावलेल्यांना. अंगणातल्या निळ्या सोसनीला. नाहीतर पांढरीला. आणि पांढरी सोसन या भागात कुणी दारात लावत नाही. ती एकाच ठिकाणी लावतात.

"साखर आणते," म्हणून नोफा आत गेली. साखर बाहेरच होती.

ओट्याला धरून ती उभी राहिली. म्हणजे अख्खा वसंत गेला. टेकडीवर ती उमलली, वाळली, आणि कुणीही, एका माणसानेही, तिच्यासाठी ती पाहिली नाही. रोज सकाळी ही बाई आपल्या पायरीवर बसून खोटं बोलत होती, आणि आपण तिला रीत शिकवत होतो. पूर्वेकडे तोंड कर म्हणून.  बाहेर जाऊन तिला रोटीसकट फाटकाबाहेर काढावं असं वाटलं.

ऊन आत शिरून तिथंच थांबतं. कंदिलावर ओढणी.

ती हलली नाही.

दफनाला बायका जात नाहीत. मुतलकला उचलून नेलं ते तिने याच खिडकीतून पाहिलं होतं, खांदे आणि पाऊस. त्यानंतर काहीच नाही. कुठल्या बाजूला ठेवलं, शेजारी कोण आहे, वर काय आहे, काही ठाऊक नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं. आणि गेले कित्येक दिवस ती रोज त्याच्या कबरीच्या उशाशी काय चाललंय ते ऐकत होती. गोगलगायीसकट.

ती बाहेर आली. बसली.

"हज्जा, माती कशी आहे तिथली?"

"बसली आता," फिद्दा चहा फुंकत म्हणाली. "आधी उंच होती, पावसानं बसली. कडेचे दगड मी स्वतः..."

ती थांबली. टेकडीवरची माती बसत नाही.

पेला तिच्या हातातच राहिला. मग ती खाली बघत बोलू लागली. "अर्ध्या चढावर गुडघ्यानं दगा दिला गं. पहिल्याच दिवशी. बूड टेकत टेकत खाली आले. वाटेत कब्रस्तान, वाटेत तो. जन्मभर माझ्या पायात घुटमळला, आता मरूनही वाटेतच. आईच्या कबरीवरचे कंद काढून मीच हिवाळ्यात त्याला लावले होते. बघते तर फुललेली. म्हटलं, फूल तर फूल. रंग तेवढा बदलायचा."

"आणि टेकडीवरची?"

"नाही माहीत, नोफा. फुलली असतील."

नोफाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते काळ्या सोसनीसाठी होतं आणि तिने ते तसंच वाहू दिलं. फिद्दाने फडक्याचं टोक पुढे केलं. त्याला रोटीचा वास होता.

"उद्यापासून नाही येत मी," फिद्दा म्हणाली.

"उद्या पण तिथंच जा," नोफा म्हणाली. "पण रंग बदलू नकोस."

*

दुसऱ्या दिवशीची बातमी:

"पांढरी. दुधासारखी नाही, दूध नासायच्या आधी जरा निळं दिसतं बघ, तशी. घशात पिवळी लव आहे. कालची ती कळी उमलली. एका फुलाचा कान बकरीनं खाल्लाय, कुणाची ते मला ठाऊक आहे, तिच्या मालकिणीला मी दाखवतेच. मग बसले थोडी. त्याला सांगितलं, तुझी बायको जेवते, दोन वाट्या आमटी खाते."

"अय्या, वाट्या कशाला मोजून सांगितल्या? आणि ते काय म्हणाले?"

"तो काय म्हणणार? जन्मभर तूच बोललीस."

नोफा हसली, मोठ्याने. मग चटकन तोंडावर हात गेला. भिंत बुटकी, शेजार जागा, आणि ती इद्दतीतली बाई. फिद्दाने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या तोंडावरचा हात धरून खाली घेतला.