नाडीबाबांचं उजवं मनगट

नाडीबाबांनी डोळे मिटले की त्यांची नाडी थांबते, हे आता सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. काखेत चेंडू दाबून नाडी बंद करणारे भोंदू असतात, म्हणून बाबा आधी सदरा काढून दोन्ही हात वर करत. मग उजवा हात पुढे.

"बघा, काळ थांबला! मग तुमचे पित्ताचे खडे विरघळवणं काय अवघड?"

ही नाडी पहिल्यांदा तपासली इस्पितळातल्या थोरल्या सिस्टरनी. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई "नाडी नाही" म्हणाली आणि बाबांचं दुकान जोरात चाललं. इतरांचं सोडा, सिस्टरच्या धाकट्या भावानंच पित्ताशयाचं ऑपरेशन रद्द केलं. आता त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"ताई, तूच तर पाहिलंस ना?" तो म्हणे, आणि सिस्टरना मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी त्या खाली मान घालून सर्जनांकडे गेल्या.

"सिस्टर, पित्ताशय काढताना कात्री मागण्याआधी मी काय विचारतो?"

"'धमनी आज कुठाय?'"

"का?"

"प्रत्येकाची वेगळ्या वाटेनं जाते. पुस्तकावर विसंबून कापलं तर पोट रक्तानं भरेल..." सिस्टर मध्येच थांबल्या. हजारदा ऐकलेला हा प्रश्न बाबांचं मनगट धरताना त्या विसरल्या होत्या.

"काहींची मनगटातली धमनी आधीच वळून मागच्या बाजूला जाते," डॉक्टर म्हणाले. "तिथे बाबांच्या काय असतं?"

"तांब्याचं रुंद कडं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर मंचावर चढल्या. "बाबा, कडं काढा."

"ते गुरूंचं आहे!"

"मग वर सरकवते."

अंगठ्याच्या मागे, कातडीखाली नाडी उडत होती. पुढच्या रांगेला नुसत्या डोळ्यांनी दिसली.

"ही दैवी स्पंदनं!" बाबा ओरडले.

"मग डावा हात द्या." डाव्या हाताची नाडी जागच्या जागी होती आणि भीतीनं नुसती पळत होती.

सिस्टर लोकांकडे वळल्या. "मी चुकीच्या जागी शोधलं, बाबांनी डोळे मिटण्याआधी तपासलंच नाही, आणि 'सापडली नाही' म्हणायच्या ऐवजी 'नाही' म्हणाले. मला लाज वाटते. माझा पांढरा गणवेश बघूनही विश्वास ठेवू नका. दुसरा हात मागा, दुसरी जागा बघा, आणि आजारी माणसाला डॉक्टरकडेच न्या."

भावाकडे बघायची त्यांची हिंमत होईना. तोच उठून जवळ आला.

"ताई, डॉक्टर आज घेतील का गं मला?"

"घेतील," त्या म्हणाल्या. "पण आता ते सोपं राहिलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे."