सुईची सुट्टी

हळू धरा मला. मी सुई बोलतेय, कलाबाईची सुई. कमरेत वाकले आहे, टोक बोथट झालंय आणि खरं सांगू, बोलायचाही कंटाळा आलाय.

जन्म माझा जपानचा. तिथल्या एका लहान गावातल्या म्हाताऱ्या कारागिराने माझं टोक हाताने घासून काढलं. आपल्यामागे हे काम करणारं कोणी नाही, असं तो सांगायचा आणि पुन्हा घासत बसायचा. पुढे मी तिथल्याच शिवणकाम करणाऱ्या एका आजींकडे गेले. त्या थकल्या, तेव्हा त्यांच्या सेवेला संगमनेरजवळच्या खेड्यातून नोकरीसाठी जपानला गेलेली माधुरी आली. "तुझ्या आईला पाठव," म्हणत आजींनी आम्हा सुयांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

माधुरीची आई म्हणजे कलाबाई. ती गोधड्या शिवते. पहिली दोन वर्षं मला जुनी लुगडी, मऊ धोतरं मिळाली. पण हल्ली लोक काय देतात गोधडीत घालायला? जीन्स! दुकानातलं ब्लँकेट अंगावर घेणाऱ्या माणसांना आठवण म्हणून जुन्या जीन्सची गोधडी हवी असते. कलाबाईला नाही म्हणता येत नाही. अंगठा सुजतो, तरी ती मला रेटते. गेल्या महिन्यात शेजारच्या मुक्ताबाईने दिलेल्या जीन्सच्या जाड शिवणीत मी वाकले.

कलाबाईने मला कॅलेंडरला टोचून ठेवलं. बाहेर टाकली तर कोणाच्या तरी पायात जायची.

फोनवर माधुरी म्हणाली, "आई, इकडं आठ फेब्रुवारीला जुन्या सुयांचा सण असतो. जाड कापडात राबल्या म्हनून त्यांना मऊ टोफूत टोचून ठेवतात, हात जोडतात. त्या दिवशी शिवायचं पण न्हाई. तू कर ना. इकडं आता म्हाताऱ्याच बाया येतात त्या सणाला."

"टोफू म्हंजी?"

"सोयाबीनच्या दुधाचं पनीर."

"खायच्या जिनसात सुई? येडी झाली का तू? कोनाच्या घशात गेली म्हंजी!"

मी कॅलेंडरवरून ऐकत होते. माझा सण हुकणार, या विचाराने फार वाईट वाटलं.

पण आठ तारखेला सकाळी पलीकडच्या घरातल्या रेश्माने खरवस आणून दिला. तिची म्हैस व्याली होती. कलाबाईने बराच वेळ ताटलीकडे पाहिलं. मग एक वडी वेगळी काढली, "ही कुनी खायची न्हाई," असं रिकाम्या घराला बजावलं आणि मला तीत टोचलं.

काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदाच कशात शिरायला जोर लागला नाही.

"लई राबलीस बाई. बस आता," कलाबाई हात जोडून म्हणाली.

मग ती मांडीवर हात ठेवून बसली. ते दोनदा पाकिटाकडे गेलेच, दोनदा तिने मागे घेतले. दुपारी मुक्ताबाई आली.

"झाली का गं गोधडी?"

"आज न्हाई. आज सुईची सुट्टी हाय."

"सुईची?" मुक्ताबाई हसली. "आन् तुला कधी?"

मुक्ताबाई गेल्यावर कलाबाईने सुजलेला अंगठा माझ्याशेजारी खरवसात हळूच टेकवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

संध्याकाळी ती मला अंगणातल्या जाईखाली पुरणार आहे. माझं काय, मी सुटले. तुम्ही गोधडी जरूर शिवून घ्या, पण तिच्याकडे जीन्स नेऊ नका. उद्या पाकिटातून नवी सुई निघेल. अंगठा मात्र हाच आहे.