रांजणाच्या पोटातले मसूर

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. जुना म्हणजे नेमका किती, यावरून माझ्या आयुष्यात मोठा गोंधळ झाला. तोच आज तुम्हाला सांगतो.

मला घडवणाऱ्या कुंभाराची बोटं आखूड होती. आतून हात फिरवलात तर त्यांच्या खुणा अजूनही लागतात. त्याने मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचल्या, खालचा भाग थोडा वाळू दिला आणि मगच वरचा चढवला. त्याने घाई केली असती, तर मी माझ्याच वजनाने बसलो असतो.

मग मी एका घराच्या कोठीत आलो. तिथे माझी भावंडं भिंतीला टेकून ओळीने उभी होती. कोणाच्या पोटात तेल होतं, कोणाच्या पोटात गहू. माझ्या वाट्याला मसूर आले. घरातली सासू रोज झाकण उचलून आत डोकावायची.

"अगं, गळ्यापर्यंत भर. अर्धा रांजण बघितला की मला झोप लागत नाही," ती सुनेला म्हणायची.

"सासूबाई, भरलेला बघूनही कुठे लागते तुम्हाला?" सून हसत म्हणायची.

मला त्या दोघींचा फार लळा होता. पण एक दिवस घराला आग लागली. छत कोसळलं आणि एक जळकी तुळई माझ्या तोंडावर आडवी पडली. हवा न मिळाल्यामुळे माझ्या पोटातल्या मसुरांची राख झाली नाही, कोळसा झाला. वर माती साचत गेली. आमच्या घरावर दुसरी घरं उठली, तीही पडली. मी अंधारात होतो आणि दाणे माझ्यापाशी होते.

पुन्हा उजेड दिसला तो उत्खनन करणाऱ्या माणसांमुळे. त्यांचे प्रमुख उंच आणि मितभाषी होते. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्याच तोंडून मला कळलं, की बायबलच्या जुन्या करारात आमच्या गावाचा उल्लेख आहे. फक्त दोन ओळींचा: एका परक्या राजाने स्वारी केली आणि गाव जाळलं. आपल्यावर कोणी दोन ओळी लिहिल्या आहेत, हे ऐकून मला फार नवल वाटलं.

सर अनेक वर्षं शिकवत आले होते, की आमच्या घराची राख म्हणजे त्याच स्वारीची राख. एकच अडचण होती. कोळशातला एक प्रकारचा कार्बन काळाबरोबर ठरावीक वेगाने कमी होत जातो. उरलेला मोजला, की ते झाड किंवा रोप कधी जिवंत होतं ते कळतं. माझ्यावर पडलेल्या तुळईचं वय असं मोजलं, तर ती त्या स्वारीच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची निघाली.

सर म्हणाले, "लाकूड जुनं असणार. लोक पडक्या घराची तुळई नव्या घराला वापरतातच." आणि ते बोलणं काही चुकीचं नव्हतं.

या मंडळींची एक सवय होती. रांजण सापडला की तो आधी रिकामा करायचा, कारण भरलेला उचलताना फुटतो. आतली माती ढिगावर टाकायची, रांजण धुवायचा आणि फोटोला उभा करायचा. माझी सगळी भावंडं अशी धुऊन निघाली होती. तुळईखाली अडकल्यामुळे तेवढा मी राहिलो होतो.

माझी पाळी आली तेव्हा एक तरुण बाई धावत आली. ती नुकतीच कामावर रुजू झाली होती. जुन्या बिया शोधणं हे तिचं काम. सतत बादलीत माती कालवत बसायची, म्हणून तिचं नाव पाणीवाली पडलं होतं.

"काका, हा रिकामा करू नका," ती फोटोवाल्या काकांना म्हणाली.

"बाई, ऊन उतरायला लागलंय. उद्या पाहुणे येणार. सगळे न्हाऊन उभे आणि हा एकटाच पारोसा. बरं दिसतं का?"

सर जवळ आले. "तुला काय हवंय त्यातलं?"

"एकच हंगाम जगलेलं काहीतरी, सर. तुळई जुनी असू शकते. पण खायचं धान्य कोणी शंभर वर्षं साठवत नाही." मग ती जरा अडखळली. "उत्तर तुमच्या बाजूने येईलच असं मात्र नाही."

सर माझ्याशेजारी खाली बसले. त्यांनी नकारार्थी मान हलवली असती, तर मीही धुतला गेलो असतो आणि त्यांची जन्मभराची शिकवण शाबूत राहिली असती.

"काका, आज याचा फोटो राहू द्या," ते म्हणाले आणि बाह्या सारून स्वतः चमच्याने माझ्या पोटातली माती काढू लागले.

पाणीवालीने ती माती बादलीत सोडली. जड माती तळाशी बसली आणि काळे दाणे हलकेच वर तरंगले. सुनेने भरलेले माझे मसूर.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. मसूर आणि तुळई जवळजवळ एकाच काळातले होते. म्हणजे आमचं घर त्या स्वारीच्या कितीतरी आधीच जळलं होतं.

सरांनी कागद दोनदा वाचला. "बायबलमध्ये एका भुकेल्या भावाने मसुराच्या कालवणापायी थोरलेपणाचा हक्क घालवला. माझंही म्हणणं मसुरांपायीच गेलं. मी निदान जेवून तरी घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. पाणीवालीला हसावं की नाही ते कळेना. शेवटी सरच हसले.

आता मी संग्रहालयात असतो. माझ्यासमोर 'राजाच्या स्वारीत जळालेला रांजण' अशी पाटी तयार होती. दालन उघडायच्या आधी सरांनी ती स्वतः काढली. नव्या पाटीवर लिहिलं आहे: 'आगीतून वाचलेला रांजण. आग कोणी लावली, ते ठाऊक नाही.'

पहिल्याच दिवशी एका मुलीने त्यांना विचारलं, "मग त्या दोन ओळी खोट्या आहेत का?"

"तसं नाही गं," सर म्हणाले. "ती स्वारी झालीही असेल. पण तिची राख याच्या वरच्या थरात शोधायला हवी. शेजारची जमीन अजून खणायची आहे. या वेळी मातीसुद्धा फेकणार नाही."

मित्रांनो, कधी जमिनीत एखादं जुनं भांडं दिसलं, तर ते उपटू नका, झटकू नका. आहे तिथेच राहू द्या आणि जाणत्या माणसाला हाक मारा. मी त्या खोलीत होतो, धूर माझ्या अंगावरून गेला, पण आग लावणाऱ्याचं तोंड मला दिसलं नाही. त्या दोघी सासू-सुना वेळेत बाहेर पडल्या का, तेही ठाऊक नाही. त्याचं उत्तर कुठेतरी मातीत असेल. ते जपून उचला. मलाही ऐकायचं आहे.