कोण आलं जी?

रविताने स्कूटी फाटकाशी लावली आणि चप्पल काढता काढताच विचारलं, "एकही फोन नाही आला ना, गुरुजी?"

"नाही."

मुर्रीच्या शाळेत रविता चौथीला माझ्या वर्गात होती. आता तिची आणि तिच्या नवऱ्याची, तिलकची, आमच्याकडच्या गोरेगावच्या रस्त्याला लहानशी राइस मिल आहे. घरच्या शेतातला चिन्नोर तांदूळ थेट पुण्या-मुंबईच्या घरांत विकावा म्हणून तिने वेबसाइट काढली होती. मजकूर मी लिहिला. मिलच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून नंबरही माझाच दिला. माझी बायको तुलसा गेल्यापासून आमच्या घरचा फोन तसाही वाजत नव्हता.

तिलकने सांगून ठेवलं होतं, रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी ऑर्डर आली तर चिन्नोर लावू. नाही तर यंदा सगळ्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, दुसरं, जास्त पिकणारं धान. चिन्नोर उंच वाढतो, आडवा पडतो, उतारा कमी देतो. तिलकचंही चुकत नव्हतं.

"काय लिवलं, वाचा बरं," रविता म्हणाली.

मी वाचलं. "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. आपले सहर्ष स्वागत. दर्जेदार व सुवासिक..."

"गुरुजी, हा तर गाईचा निबंध होऊन राहिला!"

मला हसू आलं. चौथीतली पोरं लिहायची, गाय हा उपयुक्त प्राणी आहे. मी जवळ बसवून विचारायचो, तुझ्या गाईचं नाव काय? ती कोणाला मारते? तेव्हा रविताने लिहिलं होतं, आमची चांदी फक्त मामाले मारते. सगळा वर्ग हसला आणि त्यानंतर प्रत्येकाला आपापली गाय दिसू लागली.

"तुमच्या घरी चिन्नोर कवा शिजे?" आता ती मला विचारत होती.

"पाहुणा आला की."

"मंग?"

"मग वास भिंतीपलीकडे जायचा. शेजारची जमुनाबाई तिकडून ओरडायची, कोण आलं जी? आणि तुलसा इकडून सांगायची, माझा भाऊ आला, नाही तर ह्यांचा शाळेतला कोणी आला."

"आता कवा शिजते?"

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "हेच लिवा."

मी लिहिलं, 'आमच्याकडे चिन्नोर पाहुण्यासाठी शिजतो. भाताला वाफ आली की शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, कोण आलं? तुमच्या घरी कोणी येणार असेल, तर फोन करा.'

"ध्येय काढलं?"

"काढलं."

"स्वागत?"

"तेही काढलं."

"आता पास," ती म्हणाली, मजकूर वेबसाइटवर टाकायला घेतला आणि चिन्नोरच्या नमुन्याची पिशवी ठेवून गेली.

मी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली. आंघोळीला जाताना न्हाणीचं दार उघडं ठेवू लागलो. शेतांत नांगर फिरू लागले, तरी फोन गप्पच.

एका दुपारी तो वाजला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या.

"ते 'कोण आलं' विचारणारे तुम्हीच का? माझी मुलगी येतेय, फार दिवसांनी. तांदूळ हवाय. शिवाय आमच्या सोसायटीत आणखी चौघींना."

मी नावं-पत्ते लिहून घेतले. पाणी किती घालायचं ते त्यांनी विचारलं. मी सावकाश सांगितलं, मग त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. त्या हसल्या. "तुमच्याकडे आज जेवायला आहे का चिन्नोर?"

"आहे ना," मी म्हणालो.

रविताला मिलमध्ये निरोप गेला. तिचा लगेच उलटा फोन आला. मागे मिल घरघरत होती आणि ती ओरडत होती, "तिलक म्हणून राहिले, चिन्नोरचेच पऱ्हे टाकतो!" पुढचं ऐकू आलं नाही. फोन कट झाला.

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पुण्याच्या बाईंना मी 'आहे' म्हणालो होतो. नमुन्याची पिशवी फोडली आणि भात लावला.

वाफ धरली तशी भिंतीपलीकडून हाक आली.

"कोण आलं जी, गुरुजी?"

कितीतरी दिवसांनी ती हाक आली होती. हातातली पळी तशीच राहिली.

"फोन आला होता, जमुनाबाई."

"फोन? म्हंजे कोनीच नाही?"

झाकण काढून पाहिलं. सवयीने दोघांपुरता तांदूळ घेतला होता.

"तुम्ही या जेवायला," मी म्हणालो.

"माहं तर झालं जी आत्ताच," ती म्हणाली. तिच्या बाजूला भांडी वाजली, मग दार लागलं.

मी एक ताट घेतलं. भात चांगला मोकळा झाला होता.