कान तुटलेला कप

त्या घरात पहिला चहा थोरल्याला मिळे, मग आईला, मग वहिनीला आणि पोरांना. उरलासुरला, कान तुटलेल्या कपात, धाकट्याला. इस्त्रीच्या दुकानात दिवसभर निखाऱ्यांपुढे उभा राही तो धाकटा. पण थोरला शेठची गाडी चालवी, आणि शेठला अख्खा बाजार टरकून असे. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय!

एके सकाळी मात्र पहिला कप धाकट्यापुढे आला. धड कानाचा.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" तो हसला.

कुणीच हसलं नाही. थोरल्यानं घसा खाकरला. हप्ता नाकारणाऱ्या दुकानदाराला शेठच्या पुतण्यानं भोसकून मारलं होतं. गुन्हा अंगावर घ्यायला माणूस हवा होता, आणि तो शेठनं याच घरातून मागितला होता.

"दादा, अरे, मी साधी मुंगी मारली नाही!"

"म्हणूनच लवकर सुटशील. मला पोरंबाळं आहेत."

"भावजी, तुमच्यामागे रडणारं तरी कोण आहे?" वहिनी म्हणाली.

त्यानं आईकडे पाहिलं. ती त्याच्याच सदऱ्याला गुंडी लावत होती. दोरा दातानं तोडून म्हणाली, "हा घालून जा. चार माणसांत शोभा नको."

शिक्षा भोगून तो परतला, तेव्हा घरावर मजला चढला होता. वहिनीनं दार जेमतेम उघडलं.

"पोरीला बघायला पाहुणे आलेत, भावजी. खुनी काका म्हणून ओळख करून देऊ का?"

आतून आईचा खोकला ऐकू आला. आई काही बाहेर आली नाही.

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. शेठनं स्वतः दार उघडलं. "जेवलास का रे?"

त्या दिवशी हे विचारणारा तो एकटाच. धाकटा गाडीत बसला.

शेठनं दिलेलं काम त्याला पुढे छान जमू लागलं. पुन्हा कुणाला तुरुंगात पाठवायचं झालं, की तो एखाद्या घरी जातो, आदबीनं बसतो, घरच्यांची विचारपूस करतो. चहा येतो. कुठला कप कुणापुढे जातो, एवढंच तो बघतो. मग त्या शेवटच्या कपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं विचारतो, "जेवलास का रे?"

अजून एकाही घरातून तो रिकाम्या हातानं परतलेला नाही.

उद्या तो आपल्याकडे चहाला आला, तर?