चारशे बाराचा आकडा आणि मी

मित्रांनो, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला म्हातारा सूक्ष्मदर्शक म्हणजे मी. पूर्वी डॉक्टरबाईंनी माझ्यातून पाहिल्याशिवाय कुणाला कॅन्सर आहे की नाही हे ठरतच नसे. माझा केवढा मान होता!

मग ते नवं यंत्र आलं. नळीभर रक्त दिलं की ते रक्तातली कॅन्सरची खूण मोजून आकडा सांगायचं. त्याला थंडगार खोली, रोज पुसायला मऊ फडकं. मी त्याचं नाव लाडोबा ठेवलं. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा एका शिंपीणकाकूंच्या पोटात पाणी झालं. लाडोबाने आकडा दिला, चारशे बारा. हवा होता पस्तिसाच्या आत. कागद घेऊन त्यांची मुलगी डॉक्टरबाईंकडे धावली.

"आईला कॅन्सरच आहे ना? खरं सांगा."

"नुसत्या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसऱ्या आजारांतही तो वाढतो. पोटातला छोटा तुकडा काढून तपासू."

काही दिवसांनी त्या तुकड्याची काचपट्टी माझ्याखाली आली. मुलगी दारातच उभी होती. लाडोबा तोंडावर पडू दे, एवढंच माझ्या मनात होतं. काकूंची आठवणसुद्धा नव्हती. पण डॉक्टरबाईंना सगळं धूसरच दिसू लागलं! माझ्या भिंगावर धूळ साचली होती. मला धडकीच भरली. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"अगं, हा तर क्षयरोग! कॅन्सरची एकही पेशी नाही. गोळ्यांनी बऱ्या होतील."

मुलगी हमसाहमशी रडू लागली. तेव्हा कुठे मला माझी लाज वाटली.

"म्हणजे मशीन चुकलं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"छे! काहीतरी बिघडलंय हे त्यानेच सांगितलं. काय बिघडलंय ते याने दाखवलं."

म्हणजे शाबासकी अर्धीच! सहा महिन्यांनी आकडा अठरावर आला, तेव्हा मायलेकी लाडोबाच्याच दारात हसत उभ्या होत्या. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मी पुन्हा जळलो, पण काकूंचे भरलेले गाल बघत जळलो.

मित्रांनो, कागदावरचा आकडा पाहून धीर सोडू नका, नीट तपासून घ्या. आणि आम्हा जुन्यांची भिंगं पुसत राहा. आमच्यावरच्या धुळीखाली कुणाची तरी आई असते.