प्लस बारा, मायनस बारा

प्लंबर धापा टाकत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिरला तेव्हा रेडिओताई एका जुन्या अँप्लिफायरचं पोट उघडून बसली होती.

"ताई, पाइपलाइनचा चर बसला. गुंड्या आत आहे."

गुंड्या तिचा धाकटा भाऊ. त्याच्याबरोबर एक म्हातारा खोदणारा होता, त्याला सगळे मामा म्हणत. ती धावत गेली. चाळीस पावलं लांब, दोन पुरुष खोल चर मातीने भरून गेला होता. तळाशी सिमेंटचे मोठे पाइप होते. दोघं पाइपात शिरले असतील तर जिवंत असतील, पण कोणत्या टोकाला? खोदायचं यंत्र लावलं तर उरलेली भिंतही अंगावर येणार. फावड्यांनी उकरायचं, तर एकाच जागी. मुकादमाने अंदाजपंचे जवळचं टोक धरलं होतं.

"ऐकून सांगता आलं तर?" ती प्लंबरला म्हणाली, आणि दोघं उलट पावली दुकानाकडे पळाले.

जमिनीखालची गळती ऐकायचं यंत्र त्यानेच तिला करायला सांगितलं होतं. मातीत खोचायची सळई, तिच्यावर माइकचं काम करणारा छोटा स्पीकर, बारीकसा आवाज हजारपट वाढवणारा बोर्ड, हेडफोन. सगळं तयार होतं, फक्त पॉवर सप्लाय सोडून. त्या बोर्डाला एकीकडून प्लस बारा व्होल्ट लागत, दुसरीकडून मायनस बारा आणि मध्ये शून्य. आज करू, उद्या करू म्हणत तिने आठ दिवस घालवले होते.

आता ती त्यावर तुटून पडली. ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर, दोन रेग्युलेटर. सोल्डर बोटावर सांडत होतं. दोन्ही रेग्युलेटर तिने एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आवळले आणि बटण दाबलं.

ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, जळका वास आला, धूर निघाला. संपलं.

मायनसच्या रेग्युलेटरच्या पाठीत वीज असते, तिच्यामागे अभ्रकाचा तुकडा ठेवायचाच, नाहीतर पट्टीतून शॉर्ट होतं, हे तिने आजवर दहा जणांना शिकवलं होतं. तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली. दुसरा ट्रान्सफॉर्मर नव्हता. आणि असता तरी काय उपयोग? चराजवळची वीज, माती ढासळताना केबल तुटल्यापासून, बंदच होती. हे आत्ता, अर्धा तास गेल्यावर तिच्या डोक्यात येत होतं.

"तुझ्या स्कूटरची बॅटरी काढ," ती ओरडली. "आणि समोरच्या शिंप्याचीही."

"दोन कशाला?"

"एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला जोडायचं. तो जोड म्हणजे शून्य. मग वरचं टोक प्लस बारा, खालचं मायनस बारा. देवा, हे आधी का नाही सुचलं!"

चराच्या काठावर तिने बॅटऱ्या ठेवल्या, तारा पिळल्या. भावजय मातीत फतकल मारून बसली होती, रडूनरडून तिचा घसा बसला होता.

"काम थांबवा," रेडिओताई म्हणाली.

"वेड लागलंय का?" मुकादम खेकसला. "एकेक मिनिट मोलाचं आहे."

"पाच मिनिटं द्या. पाया पडते तुमच्या."

फावडी थांबली. तिने जवळच्या टोकाला सळई खोचली. नुसती घरघर. मधोमध, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. लांबच्या टोकाला सळई रुतली आणि तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. टक. टक. टक.

"इथे! अहो, इथे आहेत!"

सगळे तिकडे धावले. दर दहा मिनिटांनी ती फावडी थांबवून ऐके. टकटक यायची, ती मान हलवायची, की पुन्हा माती उडायची. दोन तास गेले. मग एकदा तिने कान लावला तर काहीच नाही. सळई हलवून पाहिली, तारा दाबून पाहिल्या. काहीच नाही.

"वन्सं, येतंय ना ऐकू?" भावजयीने विचारलं.

"येतंय," ती म्हणाली. तिला हेडफोन काढायचं धैर्य होईना.

वीस मिनिटांनी फावडं पाइपाला लागलं. आधी गुंड्या निघाला, मातीने माखलेला, पण श्वास घेणारा. रेडिओताईने त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"एवढा वेळ वाजवत राहिलास रे!"

"मी कुठला? माझे दोन्ही हात दबले होते." त्याने मागे पाइपाकडे पाहिलं. "मामा वाजवत होते. दगडाने. आत्ता आत्ता थांबले."

मामांना नंतर काढलं. त्यांच्यात जीव नव्हता.

भाऊ अँब्युलन्समधून गेला. भावजयीने हाक मारली, "वन्सं, चला ना."

"तू जा त्याच्याबरोबर. मी येते मागून."

इतक्या वेळात तिने एकदाही मामांची चौकशी केली नव्हती. आता तिने मुकादमाला विचारलं, तेव्हा कळलं की त्यांना एक लेक आहे आणि ती निघालीय.

लेक आली ती कामावरून थेट, खांद्याला पिशवी तशीच. बराच वेळ ती बापाजवळ बसली. मग तिने विचारलं, "लगेच गेले का हो?"

हो म्हणणं सोपं होतं. मुकादम तेच सांगायला तोंड उघडत होता.

"नाही," रेडिओताई म्हणाली. "शेवटपर्यंत दगडाने पाइप वाजवत होते. त्यांच्यामुळेच माझा भाऊ वाचला."

"मग लवकर का नाही काढलंत?"

"अर्धा तास माझ्यामुळे गेला. घाईत चूक केली मी."

लेकीने मान वर केली. शिवी देईल, अंगावर येईल असं रेडिओताईला वाटलं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ती वाकली आणि पदराने बापाच्या कानातली माती काढू लागली.